आत्ताच्या दिसण्यात मघाचं किती?

‘दवाखाना’ हा शब्द हातानं लिहून बघा. फक्त त्यातला ‘ख’ जुन्या वळणाचा काढा: आधी ‘र’, त्याला चिकटून ‘व’, आणि दोघांचे पाय जोडणारी रेघ नाही. आता खाली दुसरा शब्द लिहा, ‘रवाना’. वरच्या शब्दातला ‘खाना’ आणि खालचा ‘रवाना’ कागदावर अगदी सारखे उतरतील. तरीही ‘दवाखाना आज बंद आहे’ हे वाक्य वाचताना कुणी अडखळत नाही, आणि ‘पत्र कालच रवाना झालं’ हे वाचतानाही अडखळत नाही. शाई तीच, आकार तोच, पण एका वाक्यात आपल्याला ‘ख’ दिसतो आणि दुसऱ्यात ‘र’ आणि ‘व’ अशी दोन सुटी अक्षरं दिसतात. या घोळामुळेच पुढे छपाईच्या प्रमाण वळणात ‘ख’मधल्या ‘र’ची शेपटी ‘व’च्या पायाला जोडून टाकली.

‘दिसतात’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. वाचताना आपण ‘हा ख असेल की रव?’ असा विचार करून निकाल देत नाही. निकाल आधीच लागलेला असतो आणि आपल्यापर्यंत फक्त अक्षर पोचतं. हा निकाल लावतं कोण? एक तर क्षणापूर्वी वाचलेले शब्द: ‘पत्र कालच’ डोळ्यांखालून गेलं की पुढे ‘रवाना’च येणार. आणि दुसरं म्हणजे मराठी वाचण्यात गेलेली इतकी वर्षं. देवनागरी न येणाऱ्या माणसाला दोन्ही ठिकाणी एकच नक्षी दिसेल. त्याचे डोळे आपल्यापेक्षा कमी नाहीत, त्याच्याकडे हा भूतकाळ नाही एवढंच.

काही सेकंदांचा भूतकाळ आणि काही वर्षांचा भूतकाळ, असे दोन्ही आपल्या आत्ताच्या दिसण्यात मिसळलेले असतात. हे अक्षरांपुरतं नाही. रंग, उजेड, चेहरे, वेग, खोली, सगळ्याला हे लागू आहे.

आपण डोळ्याला सहज कॅमेऱ्याची उपमा देतो, पण डोळा कॅमेरा असता तर तो परत करावा लागला असता. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरा. अंगठ्याच्या नखाच्या आसपासचा जेवढा भाग, साधारण तेवढ्याच भागात डोळ्याला बारीक तपशील नीट टिपता येतो. त्याच्या बाहेर सगळं उत्तरोत्तर धूसर होत जातं. म्हणून डोळे सतत उड्या मारत असतात, सेकंदाला सुमारे तीन. त्या प्रत्येक उडीत डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचं चित्र झरकन सरकतं, पण ती सरक आपल्याला जाणवत नाही. वर प्रत्येक डोळ्यात एक भोक आहे. जिथून दृष्टीची नस मेंदूकडे जाते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहीत. हा आंधळा ठिपका लहान म्हणावा तर आकाशातले दहा चंद्र एका ओळीत ठेवले तरी त्यात मावतील. एक डोळा मिटून बघा, कुठे भोक दिसतंय का? भिंत सलगच दिसते. आजूबाजूला जे आहे त्यावरून मेंदू ती जागा भरून टाकतो.

म्हणजे मेंदूकडे येणारा माल तुकड्यांतला, धूसर, हलता आणि मध्ये भोक पडलेला. शिवाय तो सपाट आहे. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जे चित्र उमटतं त्याला खोली नसते. जवळची लहान वस्तू आणि लांबची मोठी वस्तू तिथे एकाच मापाची असू शकते. पांढरा कागद सावलीत आणि करडा कागद उन्हात, दोघांकडून डोळ्यात येणारा प्रकाश अगदी सारखा असू शकतो. नुसत्या आलेल्या प्रकाशावरून उत्तर काढायचं म्हटलं तर उत्तरं अनेक निघतात. त्यातलं एक निवडायचं, आणि तेही पापणी लवायच्या आत.

जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात हे ओळखलं होतं. पाहणं म्हणजे नकळत काढलेला निष्कर्ष, असं त्यांचं म्हणणं. आलेल्या खुणांवरून, आजवरच्या अनुभवाच्या आधारानं, बाहेर बहुधा काय असावं याचा अंदाज मेंदू बांधतो, आणि तो अंदाजच आपल्याला दृश्य म्हणून मिळतो. त्यांच्या काळी मेंदूच्या आत डोकावण्याची सोय फारशी नव्हती. पुढे मेंदूची जोडणी तपासली गेली तेव्हा ती या म्हणण्याला पोषकच निघाली. डोळ्याकडून आलेली खबर मेंदूच्या मागच्या भागात जाण्याआधी मध्ये थॅलॅमस नावाच्या एका थांब्यावर थांबते. या थांब्याच्या दृष्टीशी संबंधित भागात येणाऱ्या जोडण्यांपैकी डोळ्याकडून येणाऱ्या जेमतेम दहातली एक. उरलेल्यांतला मोठा वाटा वरून, म्हणजे मेंदूच्या पुढच्या टप्प्यांकडून, खाली येतो. खबर वर जायच्या वाटेवर ‘काय अपेक्षित आहे’ ते सांगणाऱ्या तारांची इतकी गर्दी असावी, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

१९९९ मध्ये राजेश राव आणि डाना बॅलार्ड यांनी याचं एक गणिती प्रारूप मांडलं. त्यात वरचे टप्पे खाली अंदाज पाठवतात आणि खालचे टप्पे वर पाठवतात ती फक्त चूक, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक. अंदाज बरोबर असेल तर वर कळवण्यासारखं फारसं काही उरत नाही. मेंदू तंतोतंत असाच चालतो का, यावर अजून वाद आहे. पण अंदाज आणि प्रत्यक्ष यांची सतत सांगड घातली जाते, हे आता सहसा कुणी नाकारत नाही.

आधी लांबच्या भूतकाळाकडे बघू. चंद्रावरच्या विवरांचा एखादा फोटो घ्या आणि उलटा करा. खड्ड्यांचे उंचवटे होतात. फोटोत काहीच बदललेलं नसतं, फक्त सावली खड्ड्याच्या वरच्या कडेला होती ती आता खालच्या कडेला आली. मेंदू धरून चालतो की उजेड वरून येतो. सूर्य वर असतो, दिवा वर असतो, आयुष्यभर हेच पाहिलेलं. वरून उजेड असेल तर वरच्या कडेला सावली म्हणजे खड्डा, आणि खालच्या कडेला सावली म्हणजे उंचवटा. हा हिशेब इतका पक्का असतो की फोटो उलटा आहे हे माहीत असूनही उंचवटेच दिसत राहतात.

मग हे गृहीतक जन्मजात म्हणायचं की कमावलेलं? २००४ मध्ये वेंडी ॲडम्स, एरिक ग्राफ आणि मार्क अर्न्स्ट यांनी यावर एक देखणा प्रयोग केला. लोकांना पडद्यावर छायाप्रकाशाचे असे आकार दाखवले, जे खड्डाही वाटू शकतील आणि उंचवटाही. सोबत एका यंत्रामार्फत तो आकार बोटांना ‘लागेल’ अशी सोय केली. आणि बोटांना लागणारा आकार असा ठेवला, की जणू उजेड नेहमीच्या दिशेपेक्षा जरा बाजूनं येतोय. थोड्या सरावानंतर स्पर्श काढून घेतला. आता लोकांना नुसत्या डोळ्यांनीही आकार वेगळे दिसायला लागले. उजेडाची धरून चाललेली दिशाच सरकली होती. एवढंच नाही, पृष्ठभाग किती उजळ आहे हे ओळखण्याच्या वेगळ्याच कामातही ती सरकलेली दिशा वापरली गेली. आयुष्यभराचं गृहीतक, पण थोड्याशा नव्या अनुभवानं हललं.

२०१५ मध्ये एका ड्रेसच्या फोटोनं सगळीकडे धुमाकूळ घातला होता, तो इथे आठवावा. काहींना तो निळा-काळा दिसला, काहींना पांढरा-सोनेरी. प्रत्यक्षात ड्रेस निळा-काळाच होता. फोटोतला उजेड कुठला हे कळायला मार्ग नव्हता, त्यामुळे प्रत्येक मेंदूनं आपल्या परीनं उजेड गृहीत धरला आणि त्या हिशेबानं रंग ‘दुरुस्त’ केला. पास्कल वॉलिश यांनी हजारो लोकांकडून माहिती गोळा केली. पहाटे उठणाऱ्यांमध्ये पांढरा-सोनेरी दिसणाऱ्यांचं प्रमाण रात्री जागणाऱ्यांपेक्षा जास्त निघालं. पहाटे उठणाऱ्याच्या आयुष्यात दिवसाचा निळसर उजेड जास्त येतो. तो फोटोतली निळी छटा उजेडाची समजून वजा करतो, आणि उरतं ते पांढरं. रात्री जागणाऱ्याच्या वाट्याला दिव्यांचा पिवळट उजेड अधिक. हे सगळ्यांना लागू पडणारं समीकरण नव्हे, फरक मोजण्याइतका आहे एवढंच. तरी दोन माणसं शेजारी बसून एकच फोटो बघताहेत आणि दोघांचे दिवस वेगळे गेले म्हणून रंग वेगळा, ही कल्पना मला अजूनही हलवून जाते.

बाळांचं उदाहरण याहून थेट आहे. सहा महिन्यांच्या बाळाला दोन माकडांचे चेहरे वेगवेगळे ओळखता येतात, अगदी माणसांच्या चेहऱ्यांइतकेच. नऊ महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही, आणि मोठ्यांनाही नाही. ऑलिव्हिए पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हे दाखवलं. पुढच्या अभ्यासात काही बाळांना मधल्या तीन महिन्यांत माकडांचे फोटो नियमित दाखवत ठेवले, तर त्यांची ही क्षमता टिकून राहिली. म्हणजे दृष्टी अनुभवानं नुसती वाढत नाही, छाटलीही जाते. जे समोर येत नाही, त्यातले बारकावे मेंदू सोडून देतो.

पण म्हणून ‘दिसणं सगळं शिकून येतं’ असं म्हणून टाकायचा मोह आवरायला हवा. १६८८ मध्ये विल्यम मॉलिनो यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक कोडं घातलं होतं: जन्मांध माणूस हातानं चाचपून गोल आणि घन ओळखतो; त्याला अचानक दृष्टी आली, तर नुसतं बघून तो कोणता गोल आणि कोणता घन हे सांगू शकेल का? तीनशेहून अधिक वर्षांनी याचं उत्तर शोधायची संधी मिळाली ती भारतात. एमआयटीतले पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी दिली जाते. २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात या मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेचच, हातानं चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखायला सांगितली. जमली नाही. काही दिवसांतच मात्र जमायला लागली. एकूण उत्तर ‘नाही, पण लवकरच’ असं म्हणावं लागेल.

याच प्रकल्पातला २०१५ चा अभ्यास मात्र दुसऱ्या बाजूचा आहे. टोकांचे बाण आत वळवलेली रेघ आणि बाहेर वळवलेली रेघ, सारख्याच लांबीच्या असून लहान-मोठ्या दिसतात, हा दृष्टिभ्रम अनेकांनी पाहिलेला असेल. खोली आणि कोपरे बघण्याच्या जन्मभराच्या सवयीतून तो येतो, असं एक स्पष्टीकरण बरीच वर्षं दिलं जाई. नुकतीच दृष्टी मिळालेल्या नऊ मुलांना तो दाखवला, आणि कसलीही सवय नसताना त्यांनाही रेघा लहान-मोठ्याच दिसल्या. तेव्हा काही गोष्टी मेंदूच्या जोडणीतच आहेत, कमावलेल्या नाहीत. कुठली गोष्ट कुठल्या बाजूची, हे एकेका बाबतीत तपासूनच ठरवावं लागतं.

लांबचा भूतकाळ वर्षांचा असतो हे ठीक. पण एकाच झटक्यात तयार झालेला भूतकाळही आयुष्यभर पुरतो. काळ्या-पांढऱ्या डागांचं एक प्रसिद्ध चित्र आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते शाई सांडल्यासारखं दिसतं. नजर इकडून तिकडे फिरते, काही हाती लागत नाही. मग कुणी तरी म्हणतं, मध्ये एक ठिपक्यांचा डाल्मेशियन कुत्रा आहे, डोकं खाली, जमीन हुंगतोय, तोंड डावीकडे. अजूनही काही सेकंद काहीच नाही. आणि मग एकदम एक कान सुटा होतो, त्याला जोडून मान, मानेला पाठ, आणि चार पाय जमिनीवर टेकतात. डाग होते तिथेच आहेत, पण कुत्र्याचे डाग आणि जमिनीचे डाग आता वेगळे झालेत. कुत्र्याला चक्क कड आलीय, तीही जिथे कागदावर कडेची रेघच नाही अशा जागी. आता पुन्हा नुसते डाग बघायचा प्रयत्न करा. होत नाही. चित्र वर्षभरानं समोर आलं तरी कुत्रा आधी दिसतो. एका क्षणाचा अनुभव, आणि ते डाग पहिल्यासारखे बघण्याची वाट कायमची बंद.

आता जवळचा भूतकाळ, काही सेकंदांचा. इथली मोठी भर गेल्या दहा-बारा वर्षांतली आहे.

२०१४ मध्ये जेसन फिशर आणि डेव्हिड व्हिटनी यांनी बर्कली इथल्या विद्यापीठात एक दिसायला अगदी कंटाळवाणा प्रयोग केला. पडद्यावर क्षणभर तिरक्या पट्ट्यांचा एक धूसर ठिपका येतो. तो गेला की बघणाऱ्यानं एक दांडी फिरवून, पट्ट्या किती तिरक्या होत्या ते दाखवायचं. मग पुढचा ठिपका, वेगळ्या तिरकेपणाचा. असं शेकडो वेळा. उत्तरांत थोडीफार चूक तर होणारच, पण त्या चुकांना दिशा होती. मागचा ठिपका आत्ताच्यापेक्षा उजवीकडे कललेला असेल तर आत्ताचाही उजवीकडे झुकलेला दिसे. मागचा डावीकडे तर हाही डावीकडे. नुसत्या मागच्याचाच नाही, त्याच्याही आधीच्यांचा थोडा थोडा ओढा होता. साधारण १५ सेकंदांपूर्वीपर्यंतचं दृश्य आत्ताच्या दिसण्याला आपल्याकडे खेचत होतं. शास्त्रज्ञ याला ‘सीरियल डिपेंडन्स’ म्हणतात. आपण ‘मागच्याची ओढ’ म्हणू.

ही ओढ आंधळी नाही, हे यातलं महत्त्वाचं. मागची आणि आत्ताची गोष्ट बऱ्यापैकी सारखी असेल तरच ती लागते. फरक मोठा असेल तर सुटते. दोन्ही साधारण एकाच जागी असतील तर जास्त लागते. आणि मागच्या गोष्टीकडे लक्ष दिलेलं असावं लागतं. म्हणजे मेंदू जणू विचारतो: ही तीच गोष्ट दिसतेय ना, तिथेच? मग मघाचं आणि आत्ताचं मिळून सरासरी काढू.

असं करण्यात शहाणपण आहे. टेबलावरचा कप दहा सेकंदांपूर्वी होता तोच आत्ता आहे. मधल्या काळात त्याच्यावरची सावली हलली, पापण्या लवल्या, मान वळली, कपासमोरून हात गेला. डोळ्यात येणारं चित्र प्रत्येक वेळी बदललं, कप मात्र नाही. प्रत्येक चित्र कोरं धरून नव्यानं अर्थ लावायचा म्हटलं तर कप क्षणाक्षणाला आकार आणि रंग बदलताना दिसेल. जग स्थिर असतं, डोळ्यातलं चित्र अस्थिर असतं, आणि मागच्याची ओढ ही त्या अस्थिरतेवर घातलेली घडी आहे. ती विस्कटली तर आपल्याला कुठलीच गोष्ट ‘तीच’ वाटणार नाही.

याची किंमत किती, हे मॉरो मानासी आणि व्हिटनी यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून नीट कळतं. एका चेहऱ्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. चेहरा हळूहळू वयानं वाढत जातो, इतका हळू की बदल जाणवत नाही. शेवटी विचारलं, आत्ता हा चेहरा किती वर्षांचा दिसतोय? लोकांनी सांगितलेलं वय शेवटच्या चेहऱ्याचं नव्हतं. ते सुमारे १५ सेकंद आधीच्या चेहऱ्याशी जुळत होतं. उलट दिशेनं, म्हणजे वय कमी होत जाणारा व्हिडिओ दाखवला तेव्हा चेहरा होता त्यापेक्षा म्हातारा वाटला. समोरचं बघत असताना लोक काही अंशी मघाचं बघत होते. रोज भेटणाऱ्या माणसाचं वय वाढलेलं लक्षात येत नाही आणि वर्षांनी भेटलेल्याचं एकदम नजरेत भरतं, ते अर्थात वेगळ्या मापाचं प्रकरण, तिथे स्मरणाचाही भाग आहे. पण हा व्हिडिओ पाहिला की ती गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

भूतकाळाची पकड डोळ्यांसमोर काहीच नसतानाही सुटत नाही. पडद्यावर ठिपक्यांचा एक गोल फिरताना दाखवतात. तो डावीकडे फिरतोय की उजवीकडे, दोन्ही तितकंच शक्य आहे. सलग बघत राहिलं तर दर काही सेकंदांनी दिशा आपोआप पलटते. २००२ मध्ये डेव्हिड लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी एवढंच केलं, की मधूनमधून काही सेकंद पडदा कोरा ठेवला. वाटेल की प्रत्येक कोऱ्या पडद्यानंतर नव्यानं नाणेफेक होईल. झालं उलट. दिशा पलटायचीच थांबली. गोल परत आला की मघाच्याच दिशेनं फिरायचा, कधीकधी मिनिटामागून मिनिटं. पडदा कोरा असताना मेंदूनं मघाचा निकाल जपून ठेवला होता.

इथवर वाचून वाटेल की भूतकाळ नेहमी आपल्याकडे ओढतो. तसं नाही, आणि माझ्या मते या विषयाचं खरं मर्म इथेच आहे. मोबाइलवर खालून वर सरकत जाणारी नावांची यादी अर्धा मिनिट एका जागी नजर रोखून बघा, आणि यादी थांबली की नजर तिथेच ठेवा. थांबलेली अक्षरं हळूच खाली सरकायला लागतात. सरकतात, पण जागा सोडत नाहीत. हे दोन्ही एकाच वेळी दिसतं, आणि ते शब्दांत सांगणं अवघड आहे. १८३४ मध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी स्कॉटलंडमधला फॉयर्सचा धबधबा काही वेळ टक लावून पाहिला आणि मग शेजारच्या कड्याकडे नजर वळवली, तर कडा वर चढताना दिसला. त्यांच्या टिपणामुळे या भ्रमाला धबधब्याचं नाव पडलं, पण वाहत्या पाण्याकडे बघितल्यावर स्थिर वस्तू हलतात हे ॲरिस्टॉटलनंही लिहून ठेवलं आहे.

इथे मघाचं दृश्य आत्ताच्या दृश्याला आपल्याकडे खेचत नाही, विरुद्ध बाजूला रेटतं. एकाच दिशेच्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या पेशी सतत काम करून मंदावतात. एरवी वरच्या आणि खालच्या दिशेच्या पेशींचा तोल सारखा असतो. एक पारडं हलकं झालं की स्थिर वस्तूही दुसऱ्या दिशेला कलते. हे नुसतं थकणं नव्हे. जे सतत तसंच चालू आहे त्यात नवी खबर नसते, म्हणून मेंदू त्याला शून्य धरतो आणि मापाची पट्टी तिथून लावतो. म्हणजे पुढचा बारीकसा बदलही उठून दिसतो.

हा उलट रेटा किती टिकावा? धबधब्याचा भ्रम सेकंदांत विरतो. पण १९६५ मध्ये सेलेस्ट मॅककलो यांनी एक वेगळाच प्रकार नोंदवला. तो बहुधा असा करतात: लाल रंगाच्या उभ्या पट्ट्या आणि हिरव्या रंगाच्या आडव्या पट्ट्या आलटून पालटून काही मिनिटं बघायच्या. त्यानंतर साध्या काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या पांढऱ्या भागावर फिकट हिरवी छटा दिसते, आडव्यांवर गुलाबी. कागद नव्वद अंशांत फिरवला की रंग अदलाबदल होतात. हे तासन्तास टिकतं, आणि जास्त वेळ बघितलं तर दिवसेंदिवस, काही प्रयोगांत तर महिनोन् महिने टिकलेलं आहे. इंटरनेटवर हा प्रयोग सहज सापडतो, पण करण्याआधी हे ध्यानात ठेवा.

आता साहजिक प्रश्न: मघाचं ओढतं की रेटतं? दोन्ही, आणि दोन्ही एकाच वेळी. ढोबळ मानानं, एखादी गोष्ट ठळकपणे, बराच वेळ, टक लावून पाहिली की रेटा वरचढ ठरतो. थोडा वेळ दिसलेली, धूसर, शंका ठेवणारी गोष्ट असेल तर ओढ. २०१७ मध्ये मॅथिआस फ्रिट्शे आणि सहकाऱ्यांनी आणखी एक धागा पुढे आणला. त्यांच्या मते प्रत्यक्ष दिसण्यात मागच्याचा रेटाच असतो, आणि ओढ लागते ती पुढे, निर्णय घेताना किंवा दिसलेलं क्षणभर लक्षात ठेवताना. व्हिटनींच्या गटाला हे पटत नाही. ओढ दिसण्यातच आहे, असं ते म्हणतात. वाद चालू आहे. मला तो नुसता शब्दांचा वाटत नाही. संवेदनेच्या टप्प्यावर फरक ताणून दाखवायचा आणि निर्णयाच्या टप्प्यावर सातत्य राखायचं, अशी कामाची वाटणी मेंदूनं केली असेल, तर दोन परस्परविरोधी गरजा एकाच रचनेत बसवण्याचं ते फार सुंदर उत्तर आहे.

आणि हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही. एक्स-रे आणि मॅमोग्रामच्या प्रतिमा तपासणारे तज्ज्ञ एका बैठकीत कितीतरी प्रतिमा लागोपाठ बघतात. जगातल्या कपाला मघाची ओढ लागली तर बिघडत नाही, कारण कप तोच आहे. पण इथे मागची प्रतिमा एका रुग्णाची आणि आत्ताची दुसऱ्याची. त्यांच्यात सातत्य असण्याचं काहीच कारण नाही. मेंदूला मात्र एकाच पडद्यावर, एकाच जागी, सारख्या दिसणाऱ्या गोष्टी येताना दिसतात, म्हणजे ओढ लागायला हव्या त्या सगळ्या अटी पूर्ण. २०२१ मध्ये मानासी आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्या रेडिओलॉजिस्टना संगणकानं तयार केलेल्या गाठींच्या प्रतिमा लागोपाठ दाखवल्या. प्रत्येक गाठ त्यांना मागच्या गाठीसारखी जराशी दिसत होती. वर्षांचा अनुभव पाठीशी होता, तरी तो या ओढीतून सुटका करू शकला नाही. विमानतळावर सामानाच्या प्रतिमा तपासणारे, एकामागून एक उत्तरपत्रिका तपासणारे, लागोपाठ मुलाखती घेणारे, यांचंही काम रचनेनं असंच आहे.

ओढ आहे हे माहीत असलं की ती जाते, असंही नाही. चंद्राचे खड्डे फोटो उलटा आहे हे कळूनही उंचवटेच राहतात, तसंच हे. आतून सोडवता येत नसेल तर बाहेरून मांडणी बदलावी लागते, आणि ओढीच्या अटी माहीत असल्यामुळे कुठे हात घालायचा तेही कळतं. ती सारख्या गोष्टींमध्ये लागते, तर वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमा मिसळून ठेवता येतील. ती काही सेकंदांत ओसरते, तर मध्ये थोडा अवकाश ठेवता येईल. ती क्रमावर चालते, तर दुसऱ्या तज्ज्ञाला त्याच प्रतिमा वेगळ्या क्रमानं देता येतील; दोघांच्या चुका मग एकाच दिशेला झुकणार नाहीत.

आपणच लिहिलेला मजकूर तपासताना याचीच घरगुती आवृत्ती भेटते. चार वेळा वाचूनही गळलेला अनुस्वार सापडत नाही, कारण डोळ्यांखालून जाताना तो जागेवर दिसतो. काय लिहायचं होतं ते मेंदूला माहीत असतं आणि तो रिकामी जागा भरत जातो. दुसऱ्या माणसाला तो पहिल्या वाचनात खुपतो. मजकूर रात्रभर बाजूला ठेवला, अक्षराचं वळण बदललं, कागदावर छापून घेतला किंवा शेवटच्या वाक्यापासून वर वाचत गेलं, की पान जरा परकं होतं. मग ‘आहे’ ऐवजी ‘आह’ छापलेलं अचानक नजरेला टोचतं, आणि इतका वेळ हे दिसलं कसं नाही असं वाटतं. इतका वेळ तिथे ‘आहे’च दिसत होतं.